घराच्या सुधारणा : एकत्र व क्रमाने

निफाडची थंडी सर्वश्रुत आहे. कडक हिवाळ्यात येथे पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि उन्हाळ्यात पत्र्याचे घर दुपारी बसवेनासे होते. द्राक्षांचे अगर कांद्याचे पैसे हाती आले म्हणजे शेतकरी घर सुधारावयास घेतो. परंतु कामे सुटी सुटी व उलट क्रमाने झाल्यास मजुरी दुप्पट पडते. सौर संच आधी बसविला, तर पुढे गळका पत्रा बदलताना तो उतरवावा लागतो. यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. प्रथम छप्पर : गळके सांधे बुजवावेत. चुलीच्या धुराड्यासाठी भोक याच वेळी पाडून घ्यावे. पत्र्याखाली चार बोटे पोकळी सोडून बांबूच्या चटईचे छत करावे. ही कोंडलेली हवा दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते. चूल व धुराडे यांजवळ मात्र चटई लावू नये.

२. नंतर उपकरणे : ६० वॅटचे चार दिवे रोज पाच तास जळल्यास १.२ युनिट वीज लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्यांस ०.१८ युनिट पुरते. ७५ वॅटच्या दोन पंख्यांऐवजी ३० वॅटचे घेतल्यास दहा तासांत ०.९ युनिट वाचते.

३. शेवटी सौर संच : १ किलोवॉटचा संच दिवसास सरासरी सुमारे ४ युनिट वीज देतो. वरील बचत जवळजवळ २ युनिट होते. म्हणजे अर्ध्या किलोवॉटची गरजच उरत नाही.

आधी गरज कमी करावी, मग साधन विकत घ्यावे, हाच काटकसरीचा मार्ग होय.