नोंद कोणी पाहावी?

शाखेत लेजरबुके होती त्या काळी ग्राहकाच्या माहितीला आपोआपच मर्यादा पडत असे. ज्या टेबलावर चालू खात्याचे लेजर, त्या टेबलावरील लिपिकालाच ते दिसे. नमुना सह्यांची कार्डे अधिकाऱ्याच्या ताब्यात असत. संगणकाने सर्व शाखा जोडल्या आणि या भिंती नाहीशा झाल्या. ‘सीआरएम’ या नावाने परिचित असलेल्या ग्राहकसंबंध प्रणालीत ठेवी, कर्जे, तक्रारी, एवढेच नव्हे तर मुलाच्या शिक्षणासाठी केलेली साधी चौकशीही एकाच पडद्यावर येते. तेथे भिंती नियमांनीच उभाराव्या लागतात.

‘कामापुरताच अधिकार’ हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली आपल्या निबंधात मांडले. त्यानुसार आरंभी सर्व नोंदी बंद ठेवाव्यात. मग ग्राहक ज्याच्याकडे सोपविला आहे तो कर्मचारी, त्याचे वरिष्ठ आणि संबंधित विभाग यांना त्या खुल्या कराव्यात. पाहणे, बदलणे आणि संपूर्ण यादी उतरवून घेणे हे तीन निरनिराळे अधिकार होत. त्यांतील तिसरा सर्वांत धोक्याचा. तरीही तो सढळ हाताने वाटला जातो.

खरी अडचण येते ती बदलीच्या वेळी. ठेव विभागातील अधिकारी कर्ज विभागात जातो, तेथून तक्रार निवारणाकडे. प्रत्येक वेळी नवे अधिकार मिळतात. जुने काढून घेण्याचे स्मरण कोणालाच राहत नाही. चार बदल्यांनंतर त्याच्या हाती सरव्यवस्थापकापेक्षाही अधिक किल्ल्या जमतात! तिजोरीची किल्ली नोंदवहीत सही करून सोपविली जाते; येथे मात्र तशी वही नसते. म्हणूनच अधिकार व्यक्तीला न देता पदाला जोडावेत. पद सुटले की अधिकार सुटला.

बंधने अति झाली तरीही घात होतो. नागपूरचे निवृत्तिवेतनधारक लेकीकडे बंगळुरूला गेले आणि तेथील खिडकीवर त्यांची नोंदच उघडली नाही, तर कर्मचारी सहकाऱ्याचा पासवर्ड मागून घेतो. मग नोंद कोणी पाहिली याचा इतिहासच खोटा ठरतो. त्यापेक्षा कारण नोंदवून काही तासांपुरता मिळणारा अधिकार बरा.

राष्ट्रीयीकृत बँकांवर गोपनीयतेचे बंधन १९७० च्या कायद्याच्या कलम १३ नेच घातले आहे. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि प्रणालीलाही सीमा आहेत. १९२४ च्या विधी-अहवालांत प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील टूर्निअर खटल्यात शाखा व्यवस्थापकाने ग्राहकाचा पत्ता विचारण्यासाठी त्याच्या मालकाला दूरध्वनी केला आणि बोलता बोलता त्याची थकबाकी व जुगाराचा संशय सांगून टाकला. ग्राहकाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. बँकेने ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हा उभयतांमधील कराराचाच भाग होय, असे न्यायालयाने ठरविले. तो व्यवस्थापक जे खाते पाहत होता, ते पाहण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.