डोळे मिटून भागत नाही



२७ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत मोनिका ह्यांचा सण साजरा करते आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन ह्यांचा. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे ऑगस्टिनियन संघाचे असल्यामुळे ह्या संताचे नाव अलीकडे पुष्कळदा कानांवर पडते. आईचे अश्रू आणि मुलाचे परिवर्तन ही कथा तर आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. म्हणून आज आपण त्या कथेतील एका बाजूच्या माणसापासून सुरुवात करू. त्याचे नाव अलिपियस.

अलिपियस ऑगस्टीनच्याच गावचा, उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथला, आणि वयाने त्याच्याहून लहान. कायदा शिकण्यासाठी तो रोमला गेला. तेथे भल्यामोठ्या रंगणात माणसांच्या जीवघेण्या झुंजी लावल्या जात आणि हजारो लोक तो रक्तपात मजेने पाहत. अलिपियसला त्याची किळस होती. एके दिवशी जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला थट्टामस्करीत ओढतच तिकडे नेले. त्याने त्यांना बजावले की, माझे शरीर तुम्ही न्याल, पण माझे डोळे आणि मन तिकडे वळणार नाही. जाऊन बसला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

खेळ रंगला. कोणीतरी जखमी होऊन पडला आणि सारी गर्दी एकदम ओरडली. काय झाले ते बघू आणि लगेच तिरस्काराने मान फिरवू, असे मनाशी म्हणत त्याने डोळे उघडले. पण मान फिरली नाही. तोही ओरडू लागला आणि घरी परतला तो पुन्हा येण्याची ओढ घेऊनच. पुढे तो इतरांनाही सोबत नेऊ लागला! हे सारे ऑगस्टीननेच आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. मित्राने कानही बंद केले असते तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. परंतु खरे कारण त्याने दुसरेच सांगितले आहे: अलिपियसचा भरवसा देवावर नव्हता, स्वतःवर होता.

आपले बहुतेक निश्चय अलिपियसच्या जातीचे असतात. उपवासकाळात चाळीस दिवस थेंबालाही न शिवणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या निग्रहाला आम्ही कमी लेखत नाही. पण त्यांतले काही पास्काच्या दुपारीच बाटली उघडून बसतात आणि राहिलेले भरून काढतात. चाळीस दिवस दारू सोडलेली नसते, दिवस मोजलेले असतात. मोबाइलचेही तेच. रोजरीच्या वेळी तो उलटा घालून ठेवतात, पण हात माळेवर आणि मन त्या उलट्या मोबाइलवर.

मत्तयच्या शुभवर्तमानात (१२:४३-४५) प्रभू येशू एका घराची गोष्ट सांगतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडूनपुसून लख्ख झाले, पण रिकामेच राहिले. तो परत आला तो आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन. घर अस्वच्छ होते असे प्रभू म्हणत नाही. त्यात कोणी राहत नव्हते, हाच काय तो दोष.

आता ऑगस्टीनकडे येऊ. पवित्र राहण्याचे दान मला दे, पण इतक्यात नको, अशा अर्थाची प्रार्थना आपण तरुणपणी करीत होतो, हे त्यानेच कबूल केले आहे. लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर तो अनेक वर्षे राहिला. त्यांना आदेओदातुस नावाचा मुलगा झाला. चांगल्या घरची सोयरीक जुळताच त्या स्त्रीला आफ्रिकेला परत जावे लागले. तिचे नावही त्याने लिहिलेले नाही. त्याच्या परिवर्तनाचा गौरव करताना तिच्या वाट्याला आलेले दुःख आपण विसरू नये.

मिलान येथे बिशप अँब्रोज ह्यांची प्रवचने ऐकून त्याच्या बुद्धीचे समाधान झाले होते. तरीही पाऊल उचलत नव्हते. इसवी सन ३८६ मध्ये एका बागेत तो रडत असताना शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज आला: उचल आणि वाच. त्याने संत पौलाचे पुस्तक उघडले. समोर आला तो रोमकरांस पत्रातील भाग (१३:१३-१४). त्यात चैनबाजी आणि मद्यपान सोडण्यास सांगितले आहे. पण त्याचबरोबर प्रभू येशू ख्रिस्ताला वस्त्रासारखे परिधान करावे, असेही सांगितले आहे. नुसते जुने कपडे उतरवून कोणी उघडा राहत नाही. आणि गंमत अशी की, हाच उतारा थोडा वरून, आठव्या ओवीपासून वाचला तर त्याची सुरुवात प्रीतीने होते.

जे गमावण्याची इतकी वर्षे भीती वाटत होती, ते सोडतानाच आनंद वाटू लागला, असे तो पुढे लिहितो. का? तर त्याहून गोड असा प्रभू स्वतः आत आला होता. संत योहानही आपल्या पहिल्या पत्रात (४:१९) हेच सांगतो की, प्रीतीची सुरुवात देवाने केली, आपण नाही. आपण चांगले झालो म्हणून तो प्रीती करू लागला, असे नव्हे. ऑगस्टीन दूर पळत होता तेव्हाही देवाची प्रीती त्याच्या मागोमाग येत होती.

त्या दिवशी अलिपियसही बागेत होता. त्याने त्याच पानावरील पुढचे वाक्य वाचले; विश्वासात जो दुबळा आहे त्याला जवळ करा, असा त्याचा आशय. ते त्याने स्वतःला लावून घेतले. इसवी सन ३८७ मध्ये पास्काच्या रात्री बिशप अँब्रोज ह्यांच्या हातून ऑगस्टीन, आदेओदातुस आणि अलिपियस ह्या तिघांचा स्नानसंस्कार झाला. झुंजी पाहण्यासाठी डोळे उघडणारा अलिपियस पुढे थागास्तेचा बिशप झाला.

त्यानंतर मोह संपले काय? मुळीच नाही. हिप्पोचा बिशप झाल्यावर ऑगस्टीन लिहितो की, घरी बसलेलो असताना पाल माशी पकडताना दिसली तरी माझे लक्ष तिकडे जाते. मग तो त्यावरून निर्माणकर्त्याची स्तुती करू लागतो, पण लक्ष गेले ते स्तुतीसाठी नव्हते, हेही प्रांजळपणे नोंदवतो. पालीऐवजी आज आपल्या हातात काय असते ते सांगायला नको!

ह्या आठवड्यात कुटुंबाच्या प्रार्थनेत रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, ८ ते १४ ह्या ओव्या, घरातील एखाद्या मुलाने मोठ्याने वाचाव्यात. दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.