शाळेची वाट आणि सायकल
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख : भूगोल, अंकगणित व समाजशिक्षण)

मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा घरात शोधतो. पालकांची अनास्था, दारिद्र्य, घरकाम, धाकट्या भावंडांचा सांभाळ ही कारणे खरीच आहेत. परंतु एक कारण घरातही नसते आणि शाळेतही नसते. ते या दोहोंमधील वाटेवर पसरलेले असते. ते कारण म्हणजे अंतर. हे अंतर साध्या दुचाकीने कितपत कमी करता येते, याचा एक चांगला अनुभव आफ्रिका खंडातील झांबिया देशाने दिला आहे. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांना तो सहज समजण्यासारखा आहे.

१. देशाची ओळख

झांबिया हा दक्षिण आफ्रिका खंडप्रदेशातील देश असून त्याला समुद्रकिनारा नाही. झांबेझी नदीवरून त्याला हे नाव मिळाले. याच नदीवर, झिंबाब्वेच्या सीमेवर, सुप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा आहे. पूर्वी उत्तर ऱ्होडेशिया या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला. लुसाका ही त्याची राजधानी होय. तांब्याच्या खाणींसाठी हा देश प्रसिद्ध आहे, तर खेड्यांतील लोकांचे मुख्य पीक व मुख्य अन्न मका हे आहे.

क्षेत्रफळाने झांबिया महाराष्ट्राच्या सुमारे अडीचपट आहे. लोकसंख्या मात्र अवघी दोन कोटींच्या आसपास. यावरून वस्ती किती विरळ असेल, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल. वस्त्या दूरदूर विखुरलेल्या आणि शाळा थोड्या, त्यामुळे कित्येक मुलांना पाच-सहा किलोमीटर पायी चालावे लागते. त्यातही मुलींना सकाळी पाणी भरणे, झाडलोट करणे ही कामे आटोपूनच निघावे लागते. निघण्यास उशीर, पोचण्यास उशीर, आणि पोचल्यावर थकवा, असा हा क्रम असतो. उशिराने येणारे मूल प्रथम पहिल्या तासाला मुकते. मग एखाद्या दिवसाला मुकते, आणि पुढे शाळेलाच मुकते.

२. अंकगणिताचा एक हिशेब

मूल ताशी ४ किलोमीटर वेगाने चालते असे धरू. शाळा ६ किलोमीटरवर असेल तर जाण्यास दीड तास, येण्यास दीड तास, म्हणजे दिवसाचे तीन तास वाटेवर जातात. सायकलीचा वेग ताशी १२ किलोमीटर धरला, तर तेच जाणेयेणे एका तासात होते. रोजचे दोन तास वाचले. शाळेचे २०० दिवस धरल्यास वर्षाला ४०० तास झाले. सायकल देणे म्हणजे मुलाला वेळ देणे होय, हे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

३. सायकलींची योजना व तिचे फळ

वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था एफ. के. डे व लीआ मिसबॅक डे या दांपत्याने २००५ साली स्थापन केली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामी लाटांनी श्रीलंकेत हाहाकार उडविला, तेव्हा तेथील आपद्ग्रस्तांना सायकली पुरविणे हे तिचे पहिले कार्य होते. पुढे तिने झांबियात एड्सच्या रुग्णांची घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांना सायकली दिल्या, आणि २००९ पासून शाळकरी मुलांसाठी योजना सुरू केली. या योजनेत मुलींना प्राधान्य असून बहुसंख्य सायकली त्यांनाच मिळतात.

या योजनेचा खरोखर उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी २०१७-१८ मध्ये झांबियाच्या दक्षिण प्रांतातील १०० शाळांत पद्धतशीर पाहणी करण्यात आली. शाळेपासून ३ किलोमीटरहून अधिक दूर राहणाऱ्या, पाचवी ते सातवीच्या मुली तीत घेतल्या होत्या. कोणत्या शाळांना सायकली द्यावयाच्या हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले, म्हणजे तुलना निःपक्षपाती झाली. सायकली मिळालेल्या मुलींचा वाटेवरील वेळ सरासरीने सुमारे ३५ टक्के घटला. उशिरा येण्याचे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांनी व गैरहजेरी सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली. गणितातील गुण वाढल्याचे आढळले आणि वाटेतील छेडछाडीचा त्रासही कमी झाला. आपल्या आयुष्यावर आपलाही काही अधिकार आहे, असे या मुलींना अधिक वाटू लागले.

वरील हिशेबात आपला दोनतृतीयांश वेळ वाचला होता. प्रत्यक्षात मात्र सुमारे एकतृतीयांशच वाचला. असे का झाले असावे, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. वाळूची पायवाट, चढ, पावसाळ्यातील चिखल अशी उत्तरे ती सहज देतील. कागदावरील वेग आणि वाटेवरचा वेग यांतील फरक हाच एक चांगला पाठ आहे.

ही पाहणी करण्यामागे आपल्याच देशातील एका अनुभवाची प्रेरणा होती. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यास प्रारंभ केला. त्या योजनेच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. शाळा ३ किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेष होता. झांबियातील पाहणीच्या अभ्यासकांपैकी एक जण बिहारच्या अभ्यासातही होते.

४. सायकल आणि रोजगार

घरात आलेली सायकल केवळ शाळेच्या वाटेवर राहत नाही. दूध उत्पादकाला सकाळचे दूध डोक्यावरून न्यावे लागते, तेव्हा दूर पल्ल्याची दुसरी खेप त्याला जमत नाही. कॅरियरवर कॅन बांधला की तीच वाट दोनदा करता येते आणि दूध नासण्यापूर्वी संकलन केंद्रावर पोचते. शुश्रूषा करणारा स्वयंसेवक एका दिवसात अधिक घरांना भेट देऊ शकतो. मलावी देशात सायकलीवरून उतारू नेण्याचा धंदा असून त्याला काबाझा म्हणतात. युगांडा व केनिया यांच्या सीमेवरील बुसिया गावी १९६० च्या दशकात असाच धंदा उदयास आला. सीमेपासून सीमेपर्यंत, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्यास बोडा-बोडा हे नाव पडले. आता तेथे बहुतेक मोटारसायकली धावतात, पण प्रारंभ सायकलीनेच झाला.

५. दान टिकते कशाने?

येथेच या पाठाचा गाभा आहे. गुळगुळीत रस्त्यांसाठी बनविलेली हलकी सायकल खडबडीत वाटेवर लवकर मोडते. आरा तुटला, टायर फाटला आणि सुटा भाग जवळपास मिळाला नाही, म्हणजे ती सायकल झोपडीच्या भिंतीला टेकून राहते. म्हणून वरील संस्थेने 'बफेलो' नावाची जाड पोलादी सायकल तयार करविली. तिला गियर नाहीत. पेडल उलटे दाबले की ब्रेक लागतो, त्यामुळे बिघडणारे भाग थोडे. तिच्यावर १०० किलोपर्यंत ओझे नेता येते. सोबत गावातील तरुणांना दुरुस्तीचे शिक्षण देऊन सुटे भाग मिळण्याची सोय केली जाते.

शाळेत शिक्षक, पालक व गावातील वडीलधारी मंडळी यांची एक समिती असते. विद्यार्थिनी व पालक करार करतात, आणि ठरलेला काळ ती नियमित शाळेत आल्यावर सायकल तिच्या मालकीची होते. पाहणीत काही कुटुंबांना सुट्या भागांसाठी थोडी रक्कम भरावयास सांगितले होते, इतरांना तीही माफ होती. ज्यांनी थोडा वाटा उचलला त्या घरांतील मुलींत पुढे शिकण्याची आकांक्षा अधिक दिसली आणि विवाह लांबणीवर टाकण्याची इच्छाही आढळली. दान घेणाऱ्याचा त्यात वाटा असावा, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

६. शिक्षकांनी करावयाचे काम

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. आज आपल्या वर्गात असलेली मुलगी उद्या त्या वाटेवर असेल. तेव्हा पुढील गोष्टी आतापासून कराव्यात.

(अ) प्रत्येक मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर व लागणारा वेळ विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावा व त्याचा तक्ता वर्गात लावावा.
(आ) तो तक्ता हजेरीपटाशेजारी ठेवून पाहावा. गैरहजेरी अंतराबरोबर वाढते काय?
(इ) सातवीनंतरची शाळा किती दूर आहे, हे मुलींच्या पालकांस आधीच विचारावे.
(ई) पंक्चर काढणे, चेन बसविणे, ब्रेक घट्ट करणे ही कामे गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्यास बोलावून मुलामुलींना सारखीच शिकवावीत.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न : १. सायकलीने तिप्पट अंतर जाता आले, तर तेवढ्याच वेळात पोचता येईल असे वर्तुळाकार क्षेत्र किती पट होईल? २. सायकल मिळाली पण पंप मिळाला नाही, तर काय होईल? ३. झांबियातील मुलीची सकाळ व तुमची सकाळ यांत साम्य कोणते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नऊपट असे आहे. मुलीच्या पायाखालचे जग नऊपट होणे म्हणजे काय, हे तिला शब्दांनी सांगण्याची गरज नाही. पहिली घंटा होण्यापूर्वी ती आपल्या जागेवर बसलेली दिसली, म्हणजे शिक्षकास ते कळेल.