सोल्लाल : परमुलखातील कोरियन कुटुंबाचा सण

जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या टाक्या खोदविल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिले. बहुधा व्यापाराच्या निमित्ताने नाणेघाट चढून ही माणसे इकडे आली आणि काही काळ तरी येथलीच झाली. त्यांनी संघाला काय दिले ते दगडावर राहिले. परंतु त्यांच्या घरांतली लहान लेकरे कोणता सण करीत, परक्या मुलखात आईबाप त्यांना मायदेशातले काय शिकवीत, याविषयी एक अक्षरही कोठे कोरलेले नाही.

आज पुणे जिल्ह्यात असेच दूरदेशीचे लोक संसार थाटून राहतात. रांजणगाव, चाकण, तळेगाव या औद्योगिक वसाहतींत कोरियन कारखाने आहेत. एलजीचा कारखाना रांजणगावला आहे, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. मंचर, नारायणगाव, घोडेगावकडची कितीतरी मुले या वसाहतींत नोकरीस जातात. त्यांचे कोरियन साहेब तीन-चार वर्षांकरिता बायकामुलांसह येतात, पुण्यात भाड्याने घर घेतात आणि मुदत संपली की परत जातात. या कुटुंबांच्या एका सणाची माहिती वाचकांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे. आपलीही मुलेबाळे आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. तेव्हा परमुलखात सण टिकतो कसा, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

सणाचे नाव सोल्लाल. हा कोरियाचा चांद्र नववर्षदिन होय. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत जी अमावास्या येते त्या दिवशी तो असतो. २०२४ मध्ये १० फेब्रुवारीस, २०२५ मध्ये २९ जानेवारीस आणि २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीस तो होता. चीनचे नववर्षही बहुधा त्याच दिवशी येते. परंतु २०२७ साली अमावास्येचा क्षण मध्यरात्रीच्या आगेमागे पडत असल्याने चीनमध्ये सण ६ फेब्रुवारीस आणि कोरियात ७ फेब्रुवारीस येतो. दोन्ही देशांच्या घड्याळांत फरक अवघ्या एका तासाचा, पण तेवढ्याने तिथी बदलते. आपल्याकडे पंचांगावरून होणारे वाद पाहता यात नवल वाटू नये.

सकाळी घरातील सर्वजण नवे किंवा स्वच्छ कपडे घालतात. मुलांना हानबोक हा पारंपरिक पोशाख घालतात. लहानग्यांच्या अंगरख्याच्या बाह्यांवर लाल, पिवळे, निळे, हिरवे असे रंगीत पट्टे असतात. नंतर पूर्वजांपुढे अन्न मांडून त्यांना वंदन करतात. (कोरियात इ. स. ३७२ पासून बौद्ध धम्म आहे आणि आज ख्रिस्ती लोकही पुष्कळ आहेत. त्यामुळे हा विधी सर्व घरांत सारखा होत नाही, काही घरांत होतही नाही.) त्यानंतर येतो मुलांचा खरा कार्यक्रम, सेबे. मुले आजीआजोबांपुढे, मग आईवडिलांपुढे गुडघे टेकून, हात जमिनीला लावून वाकतात. आपल्या विहारात पंचांग प्रणाम शिकलेल्या मुलाला ही रीत परकी वाटणार नाही. फक्त हातांचा नियम बारकाईचा आहे. पुरुषाने डावा हात वर ठेवावयाचा, स्त्रीने उजवा. अंत्यविधीच्या वेळी हे उलट होते, म्हणून सणाच्या दिवशी आया मुलांचे हात पुन:पुन्हा सरळ करीत असतात.

वाकून झाले की मोठी माणसे चार शुभ शब्द बोलतात आणि पैसे देतात. या पैशांना सेबेत्तोन म्हणतात. आम्ही बँकेत नोकरी करतो, त्यामुळे या ठिकाणी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. सोल्लालच्या आधी कोरियातील बँकांत कोऱ्या नोटांसाठी रांगा लागतात. काही बँका तर गावी निघालेल्या लोकांसाठी महामार्गावरील विश्रांतीस्थानी फिरती शाखा उभी करून नोटा बदलून देतात. लग्नसराईत आणि भाऊबीजेला आमच्या काउंटरवर ‘कोऱ्या नोटा आहेत का?’ हा प्रश्न जसा येतो, तसाच हा प्रकार. २००९ साली तेथे पन्नास हजार वॉनची नोट निघाली. तिच्यावर शिन साइमदांग या चित्रकर्तीचे चित्र आहे आणि पाच हजारांच्या नोटेवर तिचा पुत्र यी इ हा विद्वान आहे. मायलेक दोघेही चलनावर असण्याचा मान फार थोड्या घराण्यांना मिळाला असेल. मुलांना मात्र आईची नोट लेकाच्या नोटेपेक्षा दहापट प्रिय, हे सांगावयास नको. आणि ‘दे इकडे, मी तुझ्यासाठी जपून ठेवते’ असे म्हणून ती नोट काढून घेणारी आई तेथेही घरोघर आहे.

दिवसाचे मुख्य अन्न म्हणजे तोक्कुक. तांदळाचे पीठ वाफवून, मळून त्याच्या लांब पांढऱ्या वळ्या करतात, त्यांच्या चकत्या कापतात आणि त्या गरम रश्श्यात शिजवतात. उकडीच्या मोदकाची उकड ज्यांनी मळली आहे त्यांना ही कृती समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी रस्सा रानकोंबड्यासारख्या फेजंट पक्ष्याचा करीत आणि तो न मिळाल्यास घरच्या कोंबडीचा, असे सांगतात. त्यावरून तिकडे एक म्हणच पडली आहे. तेव्हा पुण्यात राहणाऱ्या गृहिणीने बाजारात जे मिळेल त्यावर भागविले तर ती रीत मोडली असे होत नाही; अडचणीतून वाट काढण्याची सोय या सणात जुनीच आहे.

तोक्कुक खाल्ले की वय एक वर्षाने वाढते, अशी समजूत आहे. म्हणून लहान मुलाला ‘किती वाट्या तोक्कुक खाल्लेस?’ असे विचारले की वय विचारले असे होते. जुन्या कोरियन हिशेबाने मूल जन्मताच एक वर्षाचे आणि नव्या वर्षी दोन वर्षांचे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! जून २०२३ मध्ये कायदा लागू होऊन सरकारी व्यवहारातील ही पद्धत बंद झाली. जन्मतारखेच्या दाखल्यावर रोज मान मोडणाऱ्या आमच्यासारख्याला त्या कायद्याचे मोल चांगलेच समजते. पण मुले अजून वाट्या मोजतात.

आता इतिहास. जपानने १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केले. त्या काळात चांद्र नववर्ष मागासलेपणाचे ठरवून लोकांवर १ जानेवारी लादण्यात आला. स्वातंत्र्यानंतर तरी सण परत मिळावा. पण स्वदेशी सरकारांनीही दुहेरी सण नको, काटकसर हवी, असे म्हणत १ जानेवारीलाच सुटी दिली. सोल्लालच्या दिवशी कारखाने, शाळा, कचेऱ्या चालू राहत. १९८५ साली एक दिवसाची सुटी मिळाली, तीही ‘लोकदिन’ अशा आडनावाने. सोल्लाल हे नाव आणि तीन दिवसांची सुटी १९८९ साली परत आली. म्हणजे दोन-तीन पिढ्या हा सण सरकारच्या आधाराशिवाय, कित्येकदा सरकारच्या विरुद्ध, घरातल्या घरात जगला. तो कोणी जगविला? आमच्या मते, ज्या घरांनी पहाटे कामावर जाण्यापूर्वी लेकरांना उठवून आजोबांपुढे वाकावयास लावले, त्यांनी.

पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाची परिस्थिती अशीच आहे. येथे त्या दिवशी सुटी नसते. साहेबाला कारखाना असतो, मुलांना शाळा असते. आमच्या परिचयातील एका तरुणाच्या ओळखीने अशा एका घरी सोल्लालच्या संध्याकाळी जाण्याचा योग आम्हांस आला. पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. सकाळी सातलाच दोघांनी फोनच्या पडद्यापुढे वाकून आजीआजोबांना सेबे केले होते. कोरियाचे घड्याळ साडेतीन तास पुढे असल्याने तिकडे साडेदहा वाजले होते. लहानग्याचे तोंड चुकून पडद्याकडे न होता भिंतीकडे झाले आणि आजोबांना नातवाची पाठ दिसली, हे त्याची आई हसून सांगत होती. आदल्या रात्री जो झोपेल त्याच्या भुवया पांढऱ्या होतात, असे तिकडे मुलांना सांगतात आणि झोपलेल्यांच्या भुवयांना मोठी माणसे पीठ लावतात. येथे ज्वारीचे पीठ लावले होते. मुलगी ते दिवसभर पुसू देत नव्हती. सणाच्या सुमारास रात्री एक भूत येऊन पायांत बसतील ते जोडे पळविते, म्हणून जोडे लपवावयाचे आणि दाराशी चाळण टांगावयाची. भूत चाळणीची छिद्रे मोजत बसते आणि पहाट होते, अशीही एक कथा आहे. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही व मुलांना भुतांची भीती घालू नये, याच मताचे आम्ही आहोत. तरी आकडेमोडीत अडकून पडणारे भूत पाहून आमच्यातल्या कारकुनाला त्याची कीव आली.

पडद्यापुढचा सेबे केवळ परदेशस्थांचाच आहे असे नव्हे. २०२१ च्या सोल्लालला साथीमुळे कोरियन सरकारने पाच वा अधिक माणसांच्या एकत्र येण्यावर बंदी घातली होती आणि वेगळ्या राहणाऱ्या मुलानातवंडांनाही ती लागू होती. त्या वर्षी स्वत:च्या देशात असूनही कित्येक मुले पडद्यापुढेच वाकली.

ज्यांना गावी जाणे कधीच शक्य नाही असेही लोक आहेत. १९५० ते १९५३ च्या युद्धात उत्तरेकडून आलेली कुटुंबे दक्षिणेत अडकली. सरहद्दीजवळ इमजिनगाक येथे १९८५ साली त्यांच्यासाठी एक वेदी बांधली. सोल्लालला वृद्ध माणसे नातवंडांना घेऊन तेथे जातात, उत्तरेकडे तोंड करतात आणि न दिसणाऱ्या गावाला वंदन करतात. आंबेगावकरांना हे वाचताना डिंभे धरण आठवेल. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव आज पाण्याखाली आहे. ते गाव ज्यांनी पाहिले त्यांच्या नातवंडांना काय दाखवावयाचे? पाण्याकडे बोट करावयाचे, एवढेच हाती आहे. इमजिनगाकला निदान सणाच्या दिवशी सर्वांनी मिळून बोट दाखविण्याची जागा आहे.

या सणाचे सर्वच चांगले आहे असे म्हणणे खोटे ठरेल. पूर्वजांच्या ताटासाठी ढीगभर पदार्थ तळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सुनांवर पडले, आणि ज्यांची पूजा ते नवऱ्याचे पूर्वज. लग्नानंतर कोरियन स्त्री आपले आडनाव बदलत नाही (बँकेचा अर्ज भरताना पती-पत्नीची आडनावे वेगळी पाहून आमच्या सहकाऱ्यांना हटकून प्रश्न पडतो), तरी चुलीपुढे ती सासरचीच. सणानंतर स्त्रियांना येणाऱ्या शिणवट्याला तिकडे स्वतंत्र नाव आहे. अखेर २०२२ मध्ये सुंगक्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या प्रमुख संस्थेनेच जाहीर केले की तळलेले पदार्थ मांडण्याची गरज नाही, मोजके पदार्थ पुरेत. परदेशातील घरांत तर ताट आपोआपच लहान होते. आम्ही पाहिलेल्या घरी सकाळी केवळ तोक्कुक आणि फळे होती, आणि संध्याकाळी भांडी साहेबांनी घासली.

ताट लहान झाले, सुटी गेली, आजीआजोबा पडद्यात गेले. खेळ मात्र पूर्ण आकाराचा उरला. त्याचे नाव युन्नोरी. तो आपल्याही मुलांना सहज खेळता येईल, म्हणून त्याची रीत देतो. वीतभर लांबीच्या चार काटक्या घ्यावयाच्या, प्रत्येक एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने गोल. आपल्याकडे चल्लस-आठ खेळताना चिंचोके फोडून त्यांच्या फाका टाकतात, त्याचेच हे मोठे रूप. एक सपाट बाजू वर पडली तर डुक्कर, एक घर. दोन पडल्या तर कुत्रा, दोन घरे. तीन म्हणजे मेंढी, तीन घरे. चारही सपाट म्हणजे बैल, चार घरे. चारही गोल म्हणजे घोडा, पाच घरे. बैल किंवा घोडा पडला की आणखी एकदा टाकावयाचे. पटावर एकोणतीस ठिपके असतात, चारी कडांनी वाट आणि कोपऱ्यांतून मध्यावर जाणाऱ्या आडवाटा. प्रत्येक पक्षाच्या चार सोंगट्या. विरुद्ध पक्षाच्या सोंगटीवर आपली आली तर ती मरते आणि पुन्हा आरंभापासून निघते, आणि मारणाऱ्यास आणखी एक डाव मिळतो.

आणखी एक नियम आहे. स्वपक्षाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या तर एकीने दुसरीला पाठुंगळीस घ्यावयाचे. पुढे दोघी एकाच दानावर चालतात. मेल्या तर दोघीही मरतात. त्या संध्याकाळी फरशीवर खडूने पट आखला होता. काटक्या येथल्याच सुताराकडून करून घेतलेल्या, आणि सोंगट्या म्हणून एका बाजूस शेंगदाणे, दुसऱ्या बाजूस चिंचोके. फोनमधल्या आजोबांच्या वतीने काटक्या टाकण्याचे काम तीन वर्षांच्या नातवाकडे होते. एक काटकी दर वेळी सोफ्याखाली जाई आणि ती मोजावी की नाही यावर पुणे आणि कोरिया यांच्यात वाद चाले. ताईने शेंगदाण्यावर शेंगदाणा ठेवला आणि दोन्ही एकदम उचलून चार घरे पुढे नेले. लहानग्याने त्यातला वरचा खाल्ला.