आंबवलेली ज्वारी कोंबड्यांना चालेल का?

प्रश्न : परसात थोड्या गावरान कोंबड्या आहेत. ज्वारी आंबवून घालायची तर किती दिवस भिजवू?
– एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात २४ तास पुरतात, थंडीत दोन-तीन दिवस. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात दाण्यावर दोन बोटे पाणी ठेवा, सैल झाका, रोज ढवळा. ताकासारखा आंबूस वास आला की घाला, तासाभरात संपेल इतकेच. बुरशी दिसली तर पुरून टाका. उकिरड्यावर नको, कोंबड्या तिथेच उकरतात! पावसात काळवंडलेली ज्वारी तर आंबवूच नका, बुरशीचे विष त्याने जात नाही. आंबवल्याने दाण्यातला फॉस्फरस अंगी लागतो, प्रथिने आणि कॅल्शियम मात्र वेगळे द्यावे लागते : सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा. घरात कापूस असला तरी सरकी टाळा. तिच्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट पडतो.