आलमबागेतील कबर

शास्त्रवाचन : रोम. 13:1-7, प्रे. कृत्ये 5:27-29

लखनौच्या आलमबागेत जनरल हेन्री हॅव्हलॉक यांची कबर आहे. आपल्या सैनिकांना पवित्र शास्त्र शिकविणारे हे बाप्टिस्ट सेनानी 24 नोव्हेंबर 1857 रोजी मरण पावले. इंग्लंडने त्यांना ख्रिस्ती वीर म्हणून गौरविले. येथील अनेकांना मात्र त्यांच्या हातातील तलवारच दिसली. भक्ती मनापासूनची असली, तरी सत्तेच्या सावलीत साक्ष झाकोळते.

आता पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1889 साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्या प्रतिनिधी होत्या. 1897 साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल झाले, त्याविषयी त्यांनी वृत्तपत्रातून सरकारला जाब विचारला. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणविणारे होते, म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत.

पौल अधिकाऱ्यांचा मान राखण्यास शिकवितो; पेत्र त्या मानाची मर्यादा दाखवितो. दोन्ही धडे एकाच प्रभूचे आहेत.

प्रिय वाचकहो, मत देताना आपण केवळ आपल्या मंडळीचे हित पाहतो, की शेजाऱ्याला न्याय मिळेल का, हेही पाहतो? या प्रश्नाचे उत्तर आज प्रार्थनेत प्रभूसमोर द्या.