बियासी, आवत्या, रोवणी: धानशेतीच्या परिभाषेचा एक विचार

भिलाईतील हुडको ही वसाहत पोलादनगरीचा भाग असली, तरी सभोवारचा दुर्ग जिल्हा हा धानाचा मुलूख होय. तेथील 'बियासी' या एका शब्दात शेतकऱ्याचे संपूर्ण शास्त्र सामावले आहे. बी फेकून पेरावयाचे आणि महिनाभराने बांधीत पाणी साचले, की उभ्या पिकातूनच नांगर फिरवावयाचा. त्यामुळे तण गाडले जाते व दाट रोपे विरळ होतात. पाऊस लांबला, तर बियासीही लांबते आणि उत्पन्न घटते.

लगतच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-चंद्रपूर भागात, 'आवत्या' ही फेकपेर, तर 'रोवणी' ही पऱ्ह्यांची पुनर्लावण. रोवणीचे उत्पन्न सहसा अधिक. परंतु तिला हमखास पाणी आणि ऐन वेळी मजूर हवेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या 'सगुणा' पद्धतीत चिखलणी व लावणी दोन्ही वगळून गादीवाफ्यावर बी टोकले जाते आणि मागील पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. १९८० नंतर मादागास्करमध्ये आकारास आलेली 'श्री' पद्धती मात्र लावणी राखते. कोवळी रोपे एकेकटी व अंतर ठेवून लावते.

नवी पद्धती नाकारणारा शेतकरी परंपरेचा हट्टीच असतो, असे नव्हे. पाणी, मनुष्यबळ व जोखीम यांचा तो हिशेब असतो. म्हणून 'पेरणीचा एक प्रकार' एवढाच बियासीचा अर्थ देऊन कोशकाराने थांबू नये. पद्धती लोपल्यावर त्या हिशेबाची साक्ष शब्दाखेरीज अन्य कोण देणार?